आमच्या दृष्टीला ठसका आला नाही

माझ्या मुलीच्या सरकारी नोकरीचा धूर मी आमच्याच स्वयंपाकघरात, गॅसच्या बारीक आचेवर केला.

सुजाता इंजिनियर. कारखान्यात कामगारांचे हातपाय शाबूत राहावेत, धूर-धूळ छातीत जाऊ नये, हे तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची जागा निघाली होती. लेखी परीक्षा ती पास झाली. राहिली मुलाखत, दुपारी पुण्यात. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं, म्हणजे ही शेवटचीच संधी.

पोरगी आमच्या पेठेतल्या सगळ्या बायकांच्या डोळ्यांवर आलेली. म्हणून सकाळी निघण्याआधी मी मीठ, मोहरी आणि मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या.

"आई, उशीर हुतोय की!"

"बस गप! लई नजर लागलीया तुला."

ती साडी नेसायला आत गेली. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या (शेजारणींनी बघितलं असतं तर मला दोन दिवस तोंड वर करता आलं नसतं) आणि मूठ तापल्या तव्यावर टाकली.

ठसका आला नाही!

आमच्याकडं मिरच्या जळून ठसका आला नाही, की दृष्ट जबर लागली असं धरतात. आणखी मूठभर टाकल्या. काही नाही! मग डबाच उपडा केला. चटणीसाठी आणलेल्या संकेश्वरी मिरच्या काळ्या पडल्या, तरी मला वास म्हणून नाही. पोरीला कुणाची एवढी नजर लागली असेल, या विचारानं मी रडायला लागले. (आठवडाभर सर्दीनं माझं नाक चोंदलेलं होतं, हे त्या वेळी कुठलं सुचायला! डोळ्यांतलं पाणीही मला दुःखाचंच वाटलं.)

तेवढ्यात न्हाणीतून हे अंगाला साबण तसाच ठेवून ओरडत आले, "अगं ए! मारतीस काय आमास्नी?"

मागून सुजाता धावली. पदर नाकाला, डोळे लालभडक. "गॅस बंद कर! खिडक्या उघडा! सगळी भाईर चला!"

"आगं, गाऊनवर कशी येऊ भाईर?"

"आई, जीव म्हत्त्वाचा का गाऊन?"

मी प्रामाणिकपणे विचारात पडले. शेवटी तिनं मला दंडाला धरून ओढलं. बाहेर सगळी गल्ली खोकत उभी! शेजारच्या आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय वो, सकाळच्या पारी चटणी कराय काढलीसा व्हय?"

मी दाराआड तोंड लपवलं. आत धूर होता, म्हणून पुन्हा बाहेर काढलं.

सुजाता तशीच एसटीत बसली. रात्री उशिरा परत आली, तेव्हा घशातून नुसती हवा येत होती.

"काय इचारलं गं?" ह्यांनी विचारलं.

"कामाच्या जागी धूर झाला तर पहिल्यांदा काय कराल, म्हणून."

"मग तुला येत हुतं की!"

"येत हुतं. आवाज येत न्हवता." ती पाणी प्याली. "साहेब म्हणालं, तुम्ही कुठल्या कारखान्यात धुरात सापडलासा? म्हटलं, घरात. मग पुढं कुणी काय इचारलंच न्हाय, नुसतं हसलं."

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. मी दोन दिवस जेवले नाही. "माझ्यामुळं झालं," म्हटलं, तर ती म्हणाली, "न्हाय गं, बाकीची चांगली असतील." आणि तोंड भिंतीकडं करून झोपली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ती एका खासगी फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, सुरक्षेचं काम बघते. परवा तिथून लाल पाटी घेऊन आली. मशीन बिघडलं, की कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला ती दोऱ्यानं अडकवतात म्हणे. चौथीपर्यंतच शिकले, तरी मी ती एका दमात वाचली: धोका! चालू करू नका.

मला वाटलं, गॅसला अडकवणार. तिनं माझ्या गळ्यात घातली. कितीतरी दिवसांनी पोरगी हसली, म्हणून मीही काढली नाही.

पण पाटीचा उपयोग शून्य. मला कुणी चालू करावं लागतच नाही!