उजवीकडची सहावी खिडकी

बंदर कचेरीला डावीकडे सहा खिडक्या, म्हणून बांधणाऱ्याने उजवीकडेही सहाच काढल्या. त्यातली शेवटची साफ खोटी. बाहेर दगडी महिरप, बंद झडपा; आत नुसती भिंत. त्या मेल्या भिंतीकडे तोंड करून नोंदणी-कारकुनाने एकोणतीस वर्षं काढली.

लग्न ठरताना त्याने थाप मारली होती, "ती सहावी खिडकी माझी." तेव्हापासून बायको रोज दुपारी धक्क्यावरून हात हलवायची आणि संध्याकाळी विचारायची, "दिसले का?"

"दिसलीस की!"

काल मात्र त्याचं उत्तर ऐकून ती म्हणाली, "अहो, सोमवारपासून मी धक्क्यावर गेलेच नाही."

त्याचा घास हातातच राहिला. तिने शांतपणे आमटी वाढली. "उद्या जाईन. दिसेन ना?"

"दिसशील की," तो म्हणाला.