निळ्या काठाचं वाडगं

मुंबईहून समाजकार्याचा रीतसर डिप्लोमा घेऊन मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले, तेव्हा मला वाटलं होतं, आमचे 'हे' डॉक्टरेटच्या इंजिनांत डोकं घालतील आणि मी दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागेन. कसलं काय! तिथल्या सरकारी कचेरीतल्या गृहस्थांनी माझी सर्टिफिकेटं उलटसुलट पाहिली आणि शांतपणे सांगितलं: दोन वर्षं शाळा, मग एक वर्ष देखरेखीखाली काम, त्यानंतर सरकारी मान्यता. तोवर मी समाजसेविका नाही. त्या रागात घरी येऊन मी इतकी कणीक मळली की आम्ही दोन दिवस पोळ्याच खात होतो.

शाळा संपली आणि देखरेखीच्या वर्षासाठी मी एका बाईंच्या हाताखाली आले. पन्नाशीच्या, ताठ कण्याच्या, करड्या सुटातल्या. दर शुक्रवारी सकाळी तासभर त्या माझ्या नोंदी माझ्यासमोर बसून वाचत. कुठे अडलं, कुठे मी चिडले, का चिडले, सगळं विचारत. माझ्या कामाकडे इतक्या बारकाईनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मला तो तास फार आवडायचा आणि त्याची भीतीही वाटायची, कारण वर्षअखेर बाईंनी सही केली नाही तर मान्यता नाही. मला त्या आडनावानं हाक मारत. 'फ्राऊ कोलेगिन', म्हणजे सहकारी बाई, हा मान फक्त मान्यता मिळालेल्यांचा.

माझ्या यादीत एक म्हातारी विधवा होती. महायुद्धानंतर पूर्वेकडून निर्वासित होऊन आलेली, तिसऱ्या मजल्यावर एकटी. दोन हिवाळे ती जिना उतरली नव्हती. सामान शेजारीण आणून द्यायची. फाइलवर बाईंनी एकच उद्देश लिहिला होता: घराबाहेर पडणे.

तिसऱ्या भेटीत म्हातारीनं मला वाडगंभर प्लमचा मुरंबा दिला. पांढरं वाडगं, निळा काठ. घर सोडून निघताना बरोबर आणलेलं तेवढंच एक भांडं तिच्याकडे उरलं होतं. मी नको म्हणून पाहिलं, तिचा चेहरा उतरला, मी घेतलं. आता वाडगं परत द्यायचं तर रिकामं कसं द्यायचं? मी शंकरपाळ्या भरून दिल्या. पुढच्या आठवड्यात त्यात बटाट्याचं सॅलड आलं. मी शिरा दिला. तिनं केक दिला. आणि मी शहाणी, सगळं प्रामाणिकपणे नोंदवहीत लिहीत होते.

एका शुक्रवारी बाईंनी चष्मा काढला. "आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या म्हणाल्या. "कुटुंबांकडून काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. हा पहिल्या दिवसाचा नियम आहे. आणि इथे मी काय वाचते आहे? शिरा."

त्यांनी नोंदवही मिटून माझ्यापुढे सरकवली.

"पुढच्या भेटीत वाडगं रिकामं परत जाईल. हे तुम्हाला जमणार नसेल, तर मी सही कशावर करू?"

घरी मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "एकदा रिकामं देऊन तर बघ, आकाश कोसळतं का ते."

"अहो, आकाश नाही कोसळणार, पण तिच्या दारात माझा हात पिशवीतून बाहेर यायचा नाही."

आणि तसंच झालं. मी गेले, तासभर बोलले आणि वाडगं पिशवीतच ठेवून परत आले. शुक्रवारी कबूल केलं. तीन वर्षं पाण्यात गेली असं वाटून मला रडू आलं, आणि मी रडलेही. बाईंनी माझ्या पिशवीतलं वाडगं घेऊन कपाटात ठेवलं. "बुधवारी मी स्वतः देऊन येईन. रिकामं."

मंगळवारी सकाळी कचेरीच्या दारात म्हातारी उभी. हिवाळी कोट, टोपी, हातात काठी. तीन मजले उतरून, ट्रामनं, एकटी. "माझं वाडगं राहिलंय तुमच्याकडे," ती म्हणाली.

बाई उठल्या, कपाट उघडलं, वाडगं काढलं, हात पुढे केला आणि थांबल्या. रिकाम्या वाडग्याकडे पाहत क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी टेबलाचा खण ओढला, आपल्या डब्यातली दोन सफरचंदं वाडग्यात ठेवली आणि ते दोन्ही हातांनी म्हातारीला दिलं.

त्या दिवशीची नोंद फाइलमध्ये त्यांच्याच अक्षरात आहे: 'स्वतः चालत आल्या. वाडगं परत केलं. दोन सफरचंदं.' मी ती दिवसभरात चार वेळा वाचली आणि चारही वेळा मला हसू आलं.

वर्ष संपलं. मान्यतेचा कागद घ्यायला मी बाईंच्या खोलीत गेले. कागदावर त्यांची सही होती. टेबलावर निळ्या काठाचं वाडगं होतं, मुरंब्यानं काठोकाठ भरलेलं.

"काल त्या येऊन गेल्या," बाई जरा ओशाळून म्हणाल्या. "आता पाळी माझी आहे. सांगा, फ्राऊ कोलेगिन, तुमच्या त्या शंकरपाळ्या कशा करतात?"