खरबऱ्याचे डोळे

बंदरावरच्या लिलावघरात चपटे मासे निवडायचं एक लांबलचक टेबल होतं आणि त्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला मावशी बसायची. किती वर्षं बसतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "आधी मी आले की टेबल, ते टेबलालाच विचारा!" चेष्टा सोडली तर बत्तीस वर्षं सहज झाली होती.

आता कुणी म्हणेल, मासे निवडायचे त्यात काय एवढं? चपट्या माशाची गाठ पडलेली नसते, म्हणून माणूस असं बोलतो. हा मोठा लबाड जीव. वाळूवर आडवा पडून राहतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला घेऊन वर बघत बसतो, आणि वाळू जशी असेल तसा रंग बदलतो. एकाच जातीचे दोन मासे शेजारी ठेवले तर एक तपकिरी, दुसरा राखाडी. नव्या माणसाची पहिल्या दिवशीच भंबेरी उडते.

मावशी लग्न होऊन आली तेव्हा तिचीही उडाली होती. तिचं माहेर समुद्रापासून लांब. "सगळे मेले एकसारखेच, कुणीतरी पाय देऊन गेल्यासारखे," असं ती म्हणाली आणि तिचा नवरा पोट धरून हसला. त्याची स्वतःची होडी होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर ओला कागद पसरला, त्यावर पाच मासे मांडले आणि बायकोची शाळा घेतली.

"डोळे वर, पोट आपल्याकडे. आता तोंड कुठे गेलं बघ. उजवीकडे गेलं तर उजवा, डावीकडे गेलं तर डावरा. लेपा, ठिपकेवाला आणि खरबऱ्या हे तिघं उजवे. थोराड आणि त्याचा गुळगुळीत भाऊ हे दोघं डावरे, आणि तेच महाग."

"आणि विसरले तर?"

"मग अंगठा फिरव. रंगाच्या नादी लागू नकोस." त्याने तिचा अंगठा धरला आणि शेपटीकडून वर नेला. लेपा सगळीकडून पॉलिशपेपर. थोराडाच्या पाठीवर हाडाच्या गाठी. खरबऱ्याच्या अंगावर मधोमध जी रेघ असते, तेवढीच खरखरीत. राहिले दोन गुळगुळीत, त्यांच्या डोळ्यांमागे चाचपायचं. तिथे मण्यांची ओळ लागली तर ठिपकेवाला, नाही लागली तर थोराडाचा भाऊ. अंगठा शिकून कधीच झाला होता, तरी त्याने हात काही सोडला नव्हता. शेवटी दारात सासूबाई खोकल्या तेव्हा दोघं असे उठले, की एक मासा फरशीवरून घसरत थेट मोरीत गेला.

ते दिवस आठवले की मावशीला अजून हसू यायचं. टेबलावर तेव्हा चाळीस बायका असायच्या. पहाटे होड्या लागायच्या, पेट्या धडाधड रिकाम्या व्हायच्या, आणि हातापेक्षा तोंडं जास्त चालायची. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा घोरतो कसा, सगळं त्या टेबलावर निवडून व्हायचं. आता बायका राहिल्या नऊ. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा परगावी, चौथ्या मजल्यावर राहायचा आणि दर रविवारी फोनवर तेच म्हणायचा, "आई, पुरे आता. इकडे ये." मावशी विषय बदलायची. तिला बंदर सोडायचं नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती.

पण गेल्या दोन वर्षांत एक भानगड झाली होती आणि ती तिने कुणालाही सांगितली नव्हती. तिचे डोळे चालले होते. आधी ठिपकेवाल्याचे नारिंगी ठिपके गेले, मग खिडकीचे गज, मग माणसांचे चेहरे. उरला तो दुधाळ उजेड. माणसं ती चालण्यावरून, खोकण्यावरून ओळखायची. पायऱ्या मोजून चढायची. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण डॉक्टरकडे गेली की बोभाटा होणार, टेबल सुटणार, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात हजर होणार. म्हणून ती गुपचूप अंगठ्यावर काम रेटत होती. पेटीत चूक शून्य.

त्या दिवशी तिच्या शेजारी नेहमीप्रमाणे तिची धाकटी जाऊ बसली होती. जाऊने एक मासा उचलला आणि ती अडली. "डावरा दिसतोय, पण काहीतरी वेगळंच वाटतंय हो." मासा हातोहात फिरला. एक म्हणाली, डावरा म्हणजे थोराडाचा भाऊच, टाका महागाच्या पेटीत. दुसरी म्हणाली, एवढा काळपट कुठे असतो तो? चांगलीच जुंपली. गलका ऐकून मुकादम आला. वीस वर्षांपूर्वी तो इथे कामाला लागला, तेव्हा मावशीनेच त्याला मासे ओळखायला शिकवले होते.

"भांडता काय? मावशींना द्या."

मावशीने शेपटी धरली, अंगठा एकदा रेघेवरून फिरवला, आणि तोंड वर न करता मासा स्वस्ताच्या पेटीत भिरकावला. "खरबऱ्या! आंधळ्या झालात की काय गं सगळ्याजणी?"

कुणी हसलं नाही. मावशीला वाटलं, टोमणा जरा जास्तच झाला.

मुकादमाने पेटीतून मासा काढला, बोटाने रेघ चाचपली. "खरबऱ्याच आहे. बरोबर." मग जरा थांबून हळूच म्हणाला, "मावशी, याचे डोळे कुठल्या बाजूला आहेत?"

"खरबऱ्याचे कुठे असणार? उजवीकडे!"

मुकादमाने तिचा हात धरला आणि अंगठा माशाच्या डोक्यावर टेकवला. डोळे डावीकडे होते. हजारात एखादा खरबऱ्या असा उलटा निघतो. इतक्या बायका त्याच डोळ्यांवरून भांडत होत्या, आणि मावशीने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आता सारवासारव करण्यात अर्थ नव्हता. "नाही दिसत रे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि एक पेटी चुकली नाही?" मुकादमाचा आवाज चिरकला. "पण मावशी, या ओल्या फरशीवर, या लोखंडी आकड्यांमध्ये मी तुम्हाला कसं बसवू? काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. डोळे नीट करून घ्या, मग या. आज मात्र उठा."

मावशी उठली. एप्रन काढताना तिला गाठ सुटेना, ती जाऊने सोडली. बाहेर पायऱ्यांपाशी जाऊने हात पुढे केला. एरवी मावशी तो झिडकारायची. आज तिने धरला.

धक्क्यावरून जाताना ती रोजच्यासारखी तिसऱ्या खुंटाशी थांबली. नवऱ्याची होडी तिथे बांधलेली असायची. तो गेल्यावर विकली होती, पण घेणाऱ्याने जागा बदलली नव्हती. येता-जाता तिच्याकडे बघितल्याशिवाय मावशीचा दिवस जात नसे.

"किती छान निळी दिसते ना अजून?" मावशी म्हणाली. "त्यांनी दिलेला रंग. एवढी वर्षं झाली, पण उडाला नाही."

जाऊने धरलेला हात आवळला.

"काय गं?"

"जाऊबाई," जाऊ रडायलाच लागली, "हिरवी केली हो नव्या मालकाने. झालं की दीड वर्ष."

मावशीने होडीकडे तोंड केलं. समोर तोच दुधाळ उजेड होता. तिने हात लांबवला, पण होडी हाताला लागण्याइतकी जवळ नव्हती.

"मी रोज निळीच बघत होते गं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मग मावशीने पदराने तोंड पुसलं.

"पोराला फोन लाव. म्हणावं, डोळ्यांचा डॉक्टर बघून ठेव, मी येतेय. कसली हिरवी केली मेल्यांनी, ते बघायचंय मला."