चपलांची तोंडं

सांगलीत जुन्या जपानी सिनेमातलं कळणारा माणूस म्हणून माझी थोडी ख्याती आहे. ख्याती म्हणजे काय, तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं जमतात, पडद्यावर सिनेमा होतो आणि नंतर मी वीस मिनिटं बोलतो. माणसं माना डोलावतात. दोघा-तिघांना डुलकी लागलेली असते, पण तीही आदराने लागलेली असते.

मी काय बोलणार तेही आता ठरून गेलं आहे. एक दिग्दर्शक कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवायचा, म्हणजे आपणच त्या घरात मांडी घालून बसलो आहोत असं वाटावं. दुसऱ्याच्या सिनेमात पाऊस, वारा आणि चिखल यांना नटांच्या बरोबरीचं काम असायचं. तिसरा बायकांच्या वाट्याला आलेलं दुःख दुरूनच बघायचा, रडणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळ कॅमेरा नेणं त्याला असभ्य वाटत असावं. हे सगळं मला मनापासून आवडतं, त्यात खोटं काही नाही. पुण्यात शिकत असताना असा एक सिनेमा पहिल्यांदा पाहिला आणि पुढचे दोन दिवस मला कुणाशी धड बोलवेना. घरातलं साधं बोलणं, चहा ओतणं, दार सरकवणं, यातच सगळं असतं, हे मला या माणसांनी शिकवलं. हॉलमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की पहिल्या रांगेतल्यांना ते पाठ झालं असेल.

गेल्या हिवाळ्यात आई कोरेगावजवळच्या आमच्या गावाहून गुडघ्यांच्या उपचारासाठी माझ्याकडे आली. तीन आठवडे राहणार होती. बायको बँकेत, मुलगी शिकायला बाहेरगावी, त्यामुळे मी कॉलेजातून दोनला घरी आलो की दुपारभर घरात आम्ही दोघंच. एके दिवशी त्या महिन्याचा सिनेमा पुन्हा एकदा नजरेखालून घालावा म्हणून मी टीव्हीसमोर वही घेऊन बसलो. आई शेजारच्या दिवाणावर पाय लांब करून पावट्याच्या शेंगा सोलत होती.

सिनेमाची गोष्ट एवढीशी आहे. डोंगरातल्या एका गावात एकटी राहणारी म्हातारी. तिचा शहरात नोकरीला असलेला मुलगा चार दिवसांसाठी येतो आणि परत जातो. कुणी रडत नाही, कुणी भांडत नाही. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी ओळी.

आई सातवी शिकलेली आहे. मराठी पेपर रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, पण इंग्रजी तिला येत नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, ती म्हातारी काय म्हणाली. मी म्हणालो, काही विशेष नाही. मग मुलगा काहीतरी बोलला आणि म्हातारी तोंडावर हात धरून हसली, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. हवापाण्याचं बोलतायत, असं म्हणून मी वहीत डोकं घातलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सिनेमा थांबवला, तिला ऐकू जाईल असा उसासा सोडला आणि दोन वाक्यांत अख्खी गोष्ट सांगून मोकळा झालो. त्यानंतर तिने विचारलं नाही. साध्या बोलण्यातच सगळं असतं म्हणून गावभर सांगत फिरणाऱ्या मी माझ्या आईला त्या बोलण्यातलं एक वाक्यसुद्धा दिलं नाही. हे मला त्या दिवशी जाणवलंही नाही, याची आता जास्त लाज वाटते.

ती मात्र बघत राहिली. सिनेमा संपत आला तेव्हा तिचे हात थांबले.

"आज चपला फिरवल्या न्हाईत तिनं," ती म्हणाली.

कसल्या चपला, असं मी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं, की मुलगा बाहेर निघाला की म्हातारी आधी दारात जाते आणि त्याच्या चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवते, म्हणजे त्याला पाय घालून सरळ चालायला लागता यावं. रोज ठेवल्या. आज तो परत शहरात निघाला आहे, तर तशाच आत तोंड करून राहू दिल्या.

"त्यानं जाऊ नये वाटतंय तिला. पन तोंडानं कसं म्हनायचं?"

मग एक शेंग सोलून झाल्यावर तिने आणखी एक सांगितलं. म्हातारी मुलाला, आल्यागेल्याला वाढते, पण तिला स्वतःला जेवताना एकदाही दाखवलेलं नाही.

मी "हं" म्हणालो आणि दोन्ही गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. आई आत पडायला गेल्यावर सिनेमा मागे नेऊन तपासलं. दोन्ही बरोबर होत्या. हा सिनेमा मी सहा-सात वेळा पाहिला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत हे सगळं निसटून गेलं होतं. मला फार आनंद झाला. आईला एवढं दिसतं याचा नव्हे, रविवारी बोलायला नवीन मुद्दा मिळाला याचा.

रविवारी तिला हॉलमध्ये आणायचं माझ्या मनात नव्हतं. तिथल्या खुर्च्यांनी तिचे गुडघे दुखतील, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. नऊवारी नेसलेली माझी आई मध्येच मोठ्याने काहीतरी विचारेल आणि लोक मागे वळून बघतील, याची मला धास्ती होती. बायकोने माझं न ऐकता तिला स्कूटरवरून आणून सोडलं आणि ती बाजारात निघून गेली. मी आईला शेवटच्या रांगेत कडेला बसवलं, कुणी विचारलंच तर गावाहून आलीये एवढं सांगितलं आणि पुढे गेलो. सिनेमाभर तिने कुणाला काही विचारलं नाही.

मग मी बोललो. चपलांचं सांगितलं तेव्हा हॉल अगदी शांत झाला. म्हातारीच्या न दाखवलेल्या जेवणावर तर मी पाच मिनिटं घेतली, आवाज जरा खाली आणून. पहिल्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक बसतात. त्यांनी मला बरं म्हणावं म्हणून मी किती वर्षं झुरतो आहे, ते माझं मला माहीत. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी तरुणपणापासून हा सिनेमा बघतोय, हे मला कधी दिसलं नाही, तुम्हाला कसं दिसलं?

उत्तर शेवटच्या रांगेत बसलं होतं. नुसता हात करायचा होता.

"बघता बघता नजर तयार होते, सर," मी म्हणालो. "वीस वर्षं लागली."

टाळ्या पडल्या. त्या पडत असताना मी सगळीकडे बघितलं, एक शेवटची रांग सोडून.

परत जाताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. ती काही म्हणाली तर काय सांगायचं याची मी तयारी करून ठेवली होती. बोलण्याच्या ओघात राहून गेलं, असं सांगणार होतो. ती गुडघा चोळत होती.

"लय चांगलं बोललास," मग ती म्हणाली. "समदी कशी गप बसून ऐकत व्हती."

मी मान हलवली.

"मला तवा वाटलं, माजंच कायतरी चुकलं. तू काय बोलला न्हाईस म्हनून. मंजी मी बघितलं ते बरूबर व्हतं, व्हय रं?"

तिचा चेहरा खुलला होता. मी काय उचललं ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या दुपारपासून ती स्वतःलाच चुकीची समजत होती, आणि आपण बरोबर होतो हे तिला इतक्या लोकांच्या टाळ्या ऐकून कळत होतं.

"बरोबर होतं, आई," मी म्हणालो. ते तुझं होतं, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.