पुंजाअण्णांचा पहिला शब्द

चांदवडला हायवेच्या कडेला केरूचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि बाकावर सकाळचा पेपर. त्या पेपरातलं राजकारण कुणीही वाचावं, क्रिकेट कुणीही वाचावं. पण आतल्या पानावरच्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या बातम्यांवर मत द्यायचा हक्क एकट्या पुंजा निकमचा. हा हक्क त्याला कुणी दिलेला नव्हता. त्यानं तो घेतला होता, आणि एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या हातून तो काढून घ्यायला कुणी धजत नव्हतं.

केरू दाढी करता करता बातमी वाचायचा. वाचायचं काम त्याचं, कारण पुंजाचा चष्मा कायम घरी. "कांदा बघायला चष्मा लागत नाय," असं तो अभिमानानं सांगायचा.

"अण्णा, परदेशातल्या कुठल्या कंपनीनं बारा हजार लोक कामावरून काढले. एका ईमेलवर."

"आपण सालदार काढला तरी त्याला जेवू घालून काढतो. ह्यांना तोंड दाखवायची लाज वाटते."

"नवीन फोन आलाय. तीन कॅमेरे हायेत मागं."

"तीन कशाला? तोंड तर एकच हाय."

बाकावरची मंडळी हसायची. पण कृत्रिम बुद्धिमत्तेची बातमी निघाली की पुंजा हसण्यावारी नेत नसे. फेसानं भरलेला गाल तसाच ठेवून तो खुर्चीत वळायचा. "यंत्राला अक्कल कुठून येणार रे? कुणी शिकवली तर येणार. आणि शिकवणारे कोण? ज्यांनी जन्मात शेणात हात घातला नाय ते. आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येईल?"

हे बोलण्याचा त्याला अधिकार होता, असं सगळ्यांनाच वाटे. कारण पुंजा पारखी होता. हायवेवरच्या राजूशेठच्या खळ्यावर, म्हणजे जिथं व्यापारी शेतकऱ्याचा कांदा विकत घेऊन साठवतो आणि निवडतो तिथं, त्याची एकतीस वर्षं गेली होती. ट्रॉली आत आली की पुंजा उठणार, कोपरापर्यंत हात आत घालणार, तळातला एक कांदा वर काढणार. मान दाबायची, वरची साल, म्हणजे पत्ती, बोटानं खरवडायची, एकदा नाकाशी न्यायचा आणि शब्द टाकायचा. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी नाहीतर खाद. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, खाद म्हणजे टाकाऊ. त्या शब्दावर ट्रॉलीचा भाव ठरायचा.

आता इथली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीनं घडवलं. पारख्याचा पहिला शब्द खरा नसायचा. माल एक नंबर असला तरी पुंजा आधी "दोन नंबर" म्हणायचा. मग शेतकरी भडकायचा, टोपी काढून आपटायचा, पुंजाच्या कमरेची सुरी ओढून कांदा मधोमध कापायचा आणि दोन्ही फोडी त्याच्या नाकाला लावायचा. "बघ! हा दोन नंबर? डोळे फुटले का तुझे?" पुंजा कपाळाला आठ्या घालून फोडी हुंगायचा, शेठकडं बघायचा, आणि मोठे उपकार केल्यासारखा म्हणायचा, "बरं, एक नंबर लिहा." शेतकऱ्याला जिंकल्याचं समाधान, शेठला आपला माणूस कडक असल्याचं समाधान, आणि पुंजाला दोघांना राखल्याचं. पुंजाला यात काही खोटं वाटतच नव्हतं. हुज्जतीशिवाय झालेला सौदा त्याला बिनमिठाच्या भाकरीसारखा लागे.

पण हुज्जत न घालणारीही माणसं होती. त्यांचा कांदा दोन नंबरात जायचा. ते किती आणि कोण, याचा विचार पुंजानं कधी केला नाही. शेठनं मात्र केला असणार. उगाच का त्यानं ही रीत मोडू दिली नाही?

हुज्जत न घालणाऱ्यांत एक चंद्रभागा होती. वडाळीभोईच्या बाजूची, नवरा गेलेली. दर उन्हाळ्यात ती भाड्याच्या ट्रॅक्टरवर मागं बसून यायची, पदर सावरत बाजूला उभी राहायची. पुंजा "दोन नंबर" म्हणाला की तीही म्हणायची, "अण्णा म्हणत्याल ते." आणि वजनकाट्याकडं निघायची. पुंजा तिचं उदाहरण इतरांना द्यायचा. "बाई असून बघा कशी समजूतदार. नाहीतर तुम्ही, नाकानं कांदे सोलणारे!" हे तो तिच्यादेखत म्हणायचा आणि तिला त्याचं बरं वाटायचं.

तर अशा या पुंजाला शोधत एके दिवशी तृप्ती आली. नाशिकची मुलगी, पुण्याच्या एका नव्या कंपनीत कामाला. खळ्यावर पट्टा बसवायचा, पाटीभर कांदे त्यावर ओतायचे, वरचा कॅमेरा बघेल आणि पडदा नंबर सांगेल, अशी त्यांची योजना. पण यंत्राला कांदा ओळखायला शिकवायचं कुणी? राजूशेठ म्हणाला होता, "आमचा पुंजा आहे की."

पुंजा दोन दिवसांत तयार झाला. बायको मैना म्हणाली, "आजवर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यात जाऊन बसणार?" तो उसळला. "म्हणूनच बसणार. कुणीतरी जाणता माणूस नको का आत?"

आणि तो बसला. शेठच्या ऑफिसात गार हवेत, गुबगुबीत खुर्चीवर, समोर पडदा. पडद्यावर कांद्याचा फोटो यायचा. पुंजानं बटण दाबायचं. मग पुढचा फोटो. पहिले चार दिवस त्याचा हात फोटोत घुसायला बघायचा. मग सवय झाली. इतकी झाली की दिवसाला हजार हजार कांदे तो नुसत्या नजरेनं उडवू लागला. तृप्ती त्याला 'सर' म्हणायची. एकतीस वर्षांत त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर माणूस तिथंच विरघळला.

सलूनातली मतंही बदलली. कंपन्यांना शिव्या बंद झाल्या. "आपलं मॉडेल अजून कच्चं हाय," असं तो सांगू लागला, एखाद्या वासराबद्दल बोलावं तसं. केरूनं विचारलं, "अण्णा, उद्या ते तुमचंच काम घेईल ना?" तेव्हा पुंजा म्हणाला, "घेऊ दे. नजर तर माझीच राहील."

ते खरंच झालं, शब्दशः.

कारण फोटोतला कांदा भांडत नव्हता. पुंजानं एकतीस वर्षं जे पहिल्यांदा तोंडातून काढलं तेच बोटातून काढलं. चांगला, पातळ मानेचा, डबल पत्तीचा कांदा दिसला की बोट आपसूक 'दोन नंबर'वर. पुढं टोपी आपटायला कुणी नव्हतं, सुरी ओढायला कुणी नव्हतं, म्हणून दुसरा शब्द आलाच नाही. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मध्येच कापलेल्या कांद्याचा फोटो आला तर तो 'खाद' दाबायचा, कारण कापलेला कांदा टिकत नाही. हंगाम संपेपर्यंत चाळीस हजारांवर फोटो त्यानं असे निकाली काढले. कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पट्टा सुरू झाला. खळ्याच्या फाटकावर पुंजाचा फोटो असलेला मोठा बोर्ड लागला: 'पुंजाअण्णांची पारखी नजर, आता यंत्रात.' शेठनं त्याला सांगितलं, आता तू नुसता खुर्चीवर बसून राहा, लोकांना विश्वास वाटतो.

पहिली ट्रॉली आली, दोन नंबर. दुसरी, दोन नंबर. दुपारपर्यंत एकाही ट्रॉलीला एक नंबर मिळेना. शेतकरी पडद्याशी भांडून बघत, मग वळून पुंजाकडं येत. "अण्णा, नजर तुझीच ना? मग बोल की!" पुंजा उठून कांदा दाबायचा, हुंगायचा, "एक नंबर हाय" म्हणायचा. आणि शेठ मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचा, "पुंजा, पडद्यावर आलंय ते आलंय." तिसऱ्या दिवशी लोक त्याला शिव्या घालू लागले. समोरासमोर, बोर्डाखाली उभं राहून.

चौथ्या दिवशी त्यानं फोन करून तृप्तीला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा पट्ट्यावर चंद्रभागाचे कांदे ओतलेले होते, पडद्यावर दोन नंबर आलेला होता, आणि चंद्रभागा नेहमीप्रमाणे बाजूला उभी होती.

"तुमचं यंत्र चुकतंय," पुंजा म्हणाला.

तृप्तीनं लॅपटॉप उघडला. ती उद्धट नव्हती. तिला खरोखर कळत नव्हतं. "सर, हे बघा, तुमची सगळी उत्तरं. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा यंत्र तुमच्यासारखंच सांगतंय. अगदी असाच कांदा, ही तारीख, तुम्ही दोन नंबर दिलाय. हा पण. हा पण." एकेक फोटो पुढं सरकत होता. सगळे कांदे पुंजाला एक नंबर दिसत होते आणि प्रत्येकाखाली त्याचं नाव होतं.

"तो पहिला शब्द असतो हो ताई!" पुंजा ओरडलाच. "पहिला शब्द खालीच टाकायचा असतो. मग माणूस भांडतो, कांदा कापतो, मग वर चढवायचा. अशी रीत हाय इथली. सगळ्यांना ठावं हाय!"

तृप्ती शेठकडं बघू लागली. शेठ म्हणाला, "आम्हाला काही तक्रार नाही, यंत्र उत्तम आहे." ते ऐकून पुंजाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चाळीस हजार पुरावे त्याच्याच बोटांचे होते.

"सगळ्यांना ठावं होतं?"

आवाज चंद्रभागाचा होता. ती दोन पावलं पुढं आली होती. पुंजानं तिच्याकडं पाहिलं.

"म्हंजे अण्णा, भांडलं असतं तर मलाबी एक नंबर भेटला असता?"

पुंजाला म्हणता आलं असतं, की बाई, तुमचा कांदा यंदा तरी तसा नव्हता. एकतीस वर्षं तो असलं बरंच काही म्हणत आला होता. पण आज जीभ उचलेना.

"अकरा साल झाले," ती म्हणाली. "मला वाटलं, अण्णाला कळतं. माझ्या रानातच खोट असंल. दरसाल बी बदललं मी. पोराला बोलले, पाण्याला नीट ध्यान देत नाय म्हणून."

तिनं हात पुढं केला. पुंजाच्या कमरेला सुरी अजून होती. काम नसलं तरी तो ती लावून यायचा. तिनं ती काढून घेतली. अकरा वर्षं बाजूला उभी राहून इतरांचं जे पाहिलं होतं तेच तिनं केलं. पट्ट्यावरचा एक कांदा उचलून मधोमध कापला. आतून घट्ट, पांढरा, पाणीदार. मग फोडी पुंजाच्या नाकाला न लावता, तिथं आता काही मिळायचं नाही हे ओळखून, तिनं त्या कॅमेऱ्याखाली ठेवल्या आणि मान वर करून पडद्याकडं पाहत राहिली.

पडद्यावर अक्षरं आली: खाद.

मागं उभं असलेलं कुणीतरी हसलं. चंद्रभागानं सुरी पदराला पुसून पुंजाच्या खुर्चीवर ठेवली. "अण्णा म्हणत्याल ते," ती म्हणाली, आणि वजनकाट्याकडं गेली.

शेठनं त्याच आठवड्यात पुंजाला घरी बसायला सांगितलं. सारखा मध्ये बोलतो म्हणून. बोर्ड काढला नाही. दोन नंबरचे भाव शेठला परवडत होते आणि पुंजाचा फोटो रंगीत होता. पुंजानं तृप्तीला पुढं दोनदा फोन केला, सगळे फोटो पुन्हा बघून देतो, फुकट देतो म्हणाला. ती म्हणाली वरिष्ठांना विचारते. तिनं विचारलंही असेल.

सलूनात तो अजून येतो. परवा केरूनं सवयीनं बातमी वाचली. कुठल्याशा देशात कर्ज कुणाला द्यायचं ते यंत्र ठरवायचं, आणि ते गरिबांनाच नेमकं नाही म्हणायचं, असं चौकशीत निघालं होतं. बाकावरची मंडळी पुंजाकडं बघू लागली. आता अण्णा खुर्चीत वळणार, कंपन्यांची सालटी काढणार.

पुंजा आरशातच बघत राहिला. "त्याला शिकवलं कुणी, ते दिलंय का रे?"

केरूनं बातमी खालपर्यंत पाहिली. "नाय अण्णा. नुसतं कंपनीचं नाव हाय."

"माणसाचं नाय?"

"नाय."

"बरं हाय त्याचं," पुंजा म्हणाला, आणि दाढीसाठी हनुवटी वर केली.