पूजा केलेल्या कॅमेऱ्याचा विमा

माझा कॅमेरा समुद्रात मेला तो माझ्या आईने त्याची पूजा केली म्हणून. हे मी कुणापासून लपवलेलं नाही, विमा कंपनीपासूनही नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी लपवणार नाही. आमच्या निम्म्या नातेवाइकांना यात माझा मूर्खपणा दिसतो, उरलेल्यांना आईचा. दोघांनाही माझा नमस्कार.

वर्षातले आठ-नऊ महिने मी इंडोनेशियातल्या एका बेटावर असते. डायव्हिंगला आलेल्या पाहुण्यांना घेऊन पाण्याखाली जाते, त्यांचे आणि माशांचे फोटो काढते आणि त्यावर पोट भरते. उरलेले महिने पुण्यात वारज्याला, आईच्या फ्लॅटमध्ये. पन्नाशीला टेकलेल्या बाईने असलं काही करावं हे आमच्या घराण्यात बसत नाही. "एवढी हौस होती तर खडकवासल्यात मारायच्या बुड्या," असं एका मामांनी भर लग्नात ऐकवलं होतं. मी म्हटलं, मामा, खडकवासल्याचं पाणी गढूळ, फोटोत तुम्ही कुठले आणि कासव कुठलं ते कळायचं नाही. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

पाण्याखाली कॅमेरा जातो तो एका जाड पेटीत बंद होऊन. पेटीला झाकण, आणि झाकणाला एक रबरी रिंग. आपल्या कुकरला असते तशीच, फक्त खूप बारीक. सगळी भिस्त त्या रिंगवर. तिच्याखाली केस, वाळूचा कण, टॉवेलचा धागा, काहीही अडकलं की पाणी आत शिरतं, आणि खाऱ्या पाण्यापुढे कॅमेऱ्याचं काही चालत नाही. म्हणून विमा हवा. पण प्रवासाचा साधा विमा बॅग हरवली तर भरपाई देतो आणि कॅमेरा पाण्यात गेला की हात वर करतो. डायव्हिंगचं सामान वेगळं नोंदवावं लागतं. ते पाण्याखाली वापरणार, परदेशात वापरणार आणि धंद्यासाठी वापरणार, हे तिन्ही आधीच सांगून टाकावं लागतं. मी सांगितलं होतं. आमचे विमा एजंट म्हणजे बाबांच्या पहिल्या पॉलिसीपासून घरात येणारे एक काका, आता पंचाहत्तरीचे. "अगं, मी म्हशींचे विमे काढलेत, द्राक्षबागेचे काढलेत," ते चष्मा पुसत म्हणाले, "पण पुण्यात बसून समुद्राचा विमा मागणारी तू पहिलीच." तरी त्यांनी हिंडून हिंडून एक कंपनी शोधली आणि पॉलिसी करून दिली.

आता पूजेविषयी. बाबा हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर होते. कारखान्यात यंत्राची पूजा व्हायची ती व्हायचीच, पण दसऱ्याला ते आपला मायक्रोमीटर, केसाचीही जाडी मोजणारं ते माप, लाकडी डबीतून घरी आणत आणि आई त्याची पाटावर पूजा करी. ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढंच तिचं म्हणणं. बाबा गेले, मायक्रोमीटर एका भाच्याने नेला. मग पाटावर माझं सामान येऊ लागलं. कॅमेरा, त्याची पेटी, दिवे, श्वासाचा रेग्युलेटर, पायात घालायचे ते रबरी पंखे. मला कुणी विचारलं, तुझ्या कामाला तुझ्या घरात किंमत कोण देतं, तर मी त्या पाटाकडे बोट दाखवेन. बाकीचे अजून "ही परत कधी येणार" एवढंच विचारतात.

त्या दसऱ्याला मी पैसे बदलून आणायला बाहेर गेले होते. पेटी मी घरात उघडीच ठेवते, बंद ठेवली तर रिंग दबून राहते. आईने हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि स्वतः वळलेलं कापसाचं गेजवस्त्र घातलं, कुंकवाची बोटं लावलेलं. मी आले, हात जोडले, श्रीखंड-पुरी खाल्ली. संध्याकाळी सगळं पुसून बॅगेत भरलं.

बेटावर गेल्यावर नेहमीसारखी रिंग काढली, पुसली, ग्रीस लावलं, बॅटरीच्या उजेडात फिरवून पाहिली. काही दिसलं नाही. अठरा मीटरवर पेटीतला लाल दिवा, पाणी आत शिरल्याचा इशारा देणारा, लुकलुकायला लागला. मी कॅमेरा छातीशी धरला आणि वर आले. घाईने येता येत नाही, त्या खोलीवरून येताना थांबत थांबतच यावं लागतं, आणि तेवढा वेळ मी काचेच्या आत चढत जाणारं पाणी बघत होते. बोटीवर लगेच गोड्या पाण्यात बुडवला, पण तो उठला नाही. तिथल्या दुरुस्तीवाल्याने पेटी उघडून रिंगच्या खाचेतून चिमट्याने एक तंतू काढला. कापसाचा, टोकाला लाल. त्याला काही बोध होईना. मला क्षणात झाला.

त्या संध्याकाळी मी बोटीच्या कठड्यावर बसून हसले. मग रडलेही. पण आईचा राग आला नाही, हे मी शपथेवर सांगते.

पुढच्या मुक्कामात पुण्याला आले आणि काकांकडे दुरुस्तीवाल्याचा रिपोर्ट दिला. त्यांनी तो वाचला, दोन बोटांत धरून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हा जोडूच नकोस. इथल्या कुणाकडून दुसरा घे. कारण समजलं नाही, असं लिही. आठवड्यात पास होईल."

"पण कारण समजलंय, काका."

"तुला समजलंय. कंपनीला समजावून सांगायला तुला कुणी बोलावलंय का?"

काका वाईट नाहीत. पण माझ्या कामात एक गोष्ट अंगात मुरते. पाण्याखाली मी पाहुण्याला खुणेने विचारते, हवा किती उरली? त्याने खोटं सांगितलं, तर तो आणि मी दोघंही गोत्यात. मोठमोठ्या हुद्द्याची माणसं तिथे लाजेखातर खोटं सांगताना मी पाहिली आहेत आणि त्यांना कॉलर धरून वर आणलं आहे. मग वर, कोरड्या जमिनीवर, पंख्याखाली बसून मी कुणाच्या भीतीने खोटं लिहायचं? मी लिहिलं, दसऱ्याच्या पूजेतल्या कापसाचा तंतू रिंगखाली अडकून पाणी आत गेलं. काकांनी कपाळाला हात लावला आणि तो कागद पुढे पाठवला.

उत्तर आलं. दावा नामंजूर. कारण, विमाधारकाच्या घरातील अप्रशिक्षित व्यक्तीने उपकरण हाताळल्यामुळे झालेला हलगर्जीपणा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती भरपाई बुडाली म्हणून नव्हे. अप्रशिक्षित व्यक्ती! चाळीस वर्षं नवऱ्याच्या मायक्रोमीटरला हात लावण्याआधी पदराला हात पुसणारी बाई यांच्या कागदावर हलगर्जी ठरली होती. तो शब्द तिथून काढून घ्यायचा, बाकी काही मिळो न मिळो, हे मी त्याच मिनिटाला ठरवलं. आणि आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हेही. तिला मी कॅमेरा 'बिघडला' एवढंच सांगितलं होतं. पत्र मी माझ्या डायव्हिंगच्या बॅगेत तळाशी घातलं आणि कंपनीकडे तक्रार केली.

तक्रारीची भेट ठरवायला कंपनीतून फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. आईने माझा मोबाइल उचलला. पलीकडच्या गृहस्थांनी अदबीने विचारलं, "पूजा करणाऱ्या त्या मातोश्री आपणच का?"

मी बाहेर आले तेव्हा ती डायनिंग टेबलाशी बसली होती. समोर निवडायला घेतलेली मेथी तशीच.

"कॅमेरा माझ्यामुळे गेला?"

"समुद्रामुळे गेला."

"मला शिकवू नकोस. खरं सांग."

मी सांगितलं. तंतू, लाल टोक, पत्रातला तो शब्द. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मेथी निवडायला लागली. पानं कचऱ्यात टाकत होती आणि देठं ताटात ठेवत होती. ते बघून मला त्या कंपनीची सगळी इमारत उचलून अठरा मीटरवर नेऊन ठेवावीशी वाटली. जेवणं झाली. ताटं उचलताना ती म्हणाली, "परवा मीही येणार आहे."

"तुझं काय काम तिथे?"

"ते आल्यावर कळेल."

कोथरूडच्या ऑफिसात आम्ही दोघी गेलो. ती इस्त्रीची इरकल नेसून, मी फाइल घेऊन. अधिकारी चाळिशीचा, नम्र, कपाळावर एकही आठी नसलेला. त्याने आधी दुसराच मुद्दा काढला. "मॅडम, आपण तिकडे राहता. पॉलिसी प्रवासासाठी आहे."

"माझं मतदान वारज्यात, रेशनकार्ड वारज्यात, सोसायटीची पाण्याची भांडणं वारज्यात. तिकडे मी कामाला जाते, आणि हे पॉलिसी काढतानाच लेखी दिलंय." त्याने कागद उलटले, ते लेखी तिथे होतं, आणि तो मुद्दा तिथेच संपला.

मग रिंग. मी त्याला सगळं समजावलं. आम्ही ती कशी पुसतो, कशी तपासतो, आणि तरीही पाण्याखाली काम करणाऱ्या बहुतेकांचा एखादा कॅमेरा कधी ना कधी असाच जातो. कुणाचा केसाने, कुणाचा वाळूने. "वाळूच्या कणाला तुम्ही अपघात म्हणता. मग कापसाच्या तंतूला का नाही?"

"वाळू आपोआप येते, मॅडम. पूजा कुणीतरी केलेली असते." मग तो आईकडे वळला, जरा मोठ्याने, सावकाश बोलू लागला. "आजी, एवढ्या नाजूक यंत्राला हात लावू नये, हे आपल्या लक्षात नाही आलं का?"

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या टेबलावरच्या कम्प्युटरकडे पाहत होती. स्क्रीनच्या वरच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं होती, जरा पुसटलेली, आणि मागच्या जाळीत झेंडूची एक वाळकी पाकळी.

"अहो," ती म्हणाली, "हे कोणी लावलं?"

"हे होय? दसऱ्याला ऑफिसात... आम्ही सगळेच..."

"शिकलेला होता का लावणारा? यंत्राचं शिक्षण झालेला?"

शेजारच्या टेबलावरची बाई एकदम खाली वाकून ड्रॉवर शोधू लागली.

"आजी, तसं नाही..."

"कसं आहे ते मला माहीत आहे. हा बिघडला तर तुम्ही तुमच्या कागदावर काय लिहाल, तेच हिच्या कागदावर लिहा. जास्त काही मागायला आम्ही आलो नाही." मग पदर सारखा करत तिने पुस्ती जोडली, "आणि मोठ्याने बोलायची गरज नाही. मला ऐकू येतं."

अधिकारी खुर्चीत मागे टेकला. त्याने चहा सांगितला. आईने नको म्हटलं आणि आम्ही उठलो. जिना उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला होता आणि मला वाटत होतं, आता या शहरात माझ्याहून उंच कुणी नाही.

काही आठवड्यांनी पत्र आलं. दावा मंजूर. कॅमेरा जुना म्हणून बरीच घट करून, पण मंजूर. मी ते उभ्या उभ्या वाचलं, आधी तो शब्द शोधत. तो नव्हता. आता लिहिलं होतं, बाह्य तंतूचा आकस्मिक शिरकाव. अप्रशिक्षित नाही, हलगर्जी नाही, पूजा नाही, आई नाही. मी जिंकले होते. तिला त्या कागदातून साफ बाहेर काढलं होतं. काकांना फोन केला, ते म्हणाले, "आता तरी गप्प बस."

आईला सोफ्यावर बसवून मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"बाह्य तंतू म्हणजे?"

"बाहेरून आलेला."

"बाहेरून कुठून? मी घातला होता ना?"

"ते लिहिलेलं नाही. तेच तर हवं होतं, आई."

"तुला हवं होतं," ती म्हणाली. "मी काय चोरून केली होती पूजा? इरकल नेसून, एवढा जिना चढून सांगून आले त्यांना. परत पाठव ते. लिहा म्हणावं, हिच्या आईने केली."

मी लॅपटॉप उघडला आणि कंपनीला लिहायला घेतलं, मंजुरीच्या पत्रात एक दुरुस्ती हवी आहे.