नाही म्हणायचं काम

माझं काम पिचर बघायचं. म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारी पोरं बघायची, चेंडू किती वेगाने येतो, किती वळतो ते पाहायचं, आणि पुढे हा पोरगा काय करेल याचा अंदाज वीस ते ऐंशीच्या मापात क्लबला लिहून पाठवायचा. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमध्ये चारचौघांसारखा. नागपूरला संख्याशास्त्र शिकत होते तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता कॅनडातल्या ओकव्हिलहून, घरून, निघताना गाडीत आधी कमरेमागची उशी ठेवते, मग लॅपटॉप.

ऑगस्ट संपत आला होता आणि मला लंडनला जायचं होतं. इथलं लंडन, ऑन्टारिओतलं. आईला अजून वाटतं मी ऊठसूट इंग्लंडला जाते, आणि मीही आता खुलासा करत नाही. तिथे खालच्या लीगमध्ये एक पिचर होता. पूर्वी एका मोठ्या क्लबच्या तालमीत होता, मग कोपराचं ऑपरेशन झालं आणि त्याला सोडून दिलं. आता आठवडाभर टायरच्या दुकानात काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी खेळायचा. क्लबने त्याला वसंतातल्या सरावाच्या कॅम्पला बोलवावं की नाही, एवढं माझ्याकडून हवं होतं.

शनिवारी त्याची पाळी नव्हती. ज्या पिचरची पाळी नसते त्याला प्रेक्षकांत, फलंदाजाच्या बरोबर मागे बसवतात, हातात वेग मोजायची बंदूक देऊन. आम्हा बघणाऱ्यांची जागाही तीच. म्हणजे ज्याला तोलायला आले होते तो माझ्याच शेजारी बसून दुसऱ्याला तोलत होता. आमच्या नियमांत हे बसत नाही, फार बोलायचं नसतं. पण दुपारभर शेजारी बसलेल्या माणसाशी न बोलणं मला जमत नाही. त्याने सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या, मी घेतल्या. मी म्हटलं, कोपरात हात वाकवून टाकलेला चेंडू आमच्या क्रिकेटमध्ये नो-बॉल ठरतो. तो हसला, म्हणाला, मग मी तुमच्याकडे आयुष्यभर नो-बॉलच टाकला असता.

मग त्याने सांगितलं ते मला ऐकायचं नव्हतं. दूर पश्चिमेला, सस्काटूनजवळ, खतासाठी लागणाऱ्या पोटॅशच्या खाणीत त्याला नोकरी मिळत होती. मेहुण्याने शब्द टाकला होता. कायमची नोकरी, घराजवळची, आईही तिथेच. सोमवारी सकाळपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर ते दुसरा माणूस घेणार. आणि हो म्हटलं की बेसबॉल संपला. त्याने मला काही विचारलं नाही. बंदूक डोळ्यासमोर धरून तो पुढचा वेग बघत राहिला.

रविवारी तो खेळला. सुरुवात इतकी सुरेख केली की माझी कंबर दुखायची थांबली. चेंडू खाली, कडेला, हवा तिथे. मग हळूहळू वेग उतरायला लागला. वळणारा चेंडू टाकायच्या आधी त्याचा ग्लव्ह किंचित उघडायचा, आणि दुसऱ्या फेरीला आलेल्या फलंदाजांनी ते हेरलं. दोन चेंडू कुंपणाबाहेर गेले. तो चिडला नाही, टोपी नीट केली आणि पुढचा टाकला. मला त्याचा फार राग आला. इतका शहाणा आणि इतका थोडक्यासाठी अपुरा माणूस समोर असला की माझ्या हातात काही उरत नाही. मी चाळीस लिहिलं. मनापासून वाटत होतं पंचेचाळीस लिहावं, पण वाटण्याचा मला पगार देत नाहीत.

मॅच संपल्यावर बॉसचा फोन आला. चाळीस ऐकून तो म्हणाला, ठीक आहे, पण नाही म्हणू नकोस. वसंतात कुणाचा हात दुखावला तर जागा भरायला माणूस लागेल. त्याला म्हणावं, कळवतो.

हा शब्द मी चांगला ओळखते. मला बघायला अमरावतीहून मंडळी आली होती. पोहे खाल्ले, माझ्या मार्कांचं कौतुक केलं आणि जाताना म्हणाली, कळवतो. बाबांना तो दिलेला शब्दच वाटला. त्यांनी बाकीची स्थळं थांबवली. मला चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवायची नोकरी आली होती, तीही थांबवली, कारण मंडळींना दूरची नोकरी चालली नाही तर? नोकरी दुसरीला गेली. नंतर कळलं, त्या मुलाचा साखरपुडा दिवाळीआधीच उरकला होता. मुलगा नाही मिळाला याचं मला कधी दुःख झालं नाही. पण आपल्याला ‘नाही’ म्हणायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही, ते मात्र लागलं, अजून लागतं.

नवऱ्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, “हे बघ, तू इनव्हॉल्व्ह होऊ नकोस. रिपोर्ट सबमिट कर आणि निघ, फोर-ओ-थ्री हायवेला आत्ताच ट्रॅफिक आहे.” त्याचं बरोबर होतं. त्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं.

पार्किंगमध्ये तो पिचर माझ्या गाडीपाशी उभा होता. खांद्याला बर्फाची पिशवी प्लास्टिकने घट्ट बांधलेली. मॅचनंतर सगळेच पिचर बांधतात, पुढच्या मॅचला हात शाबूत राहावा म्हणून.

“तुम्ही काय लिहिलंत ते मी विचारत नाही,” तो म्हणाला. “मी उद्या सस्काटूनला काय सांगू, एवढंच सांगा.”

मी फार दमले होते. कदाचित म्हणूनच खोटं सुचलं नाही.

“हो सांग,” मी म्हटलं. “आमच्याकडून काही येणार नाही. तू चांगला आहेस. पण तेवढं पुरत नाही.”

मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“इतक्या वर्षांत सगळे म्हणाले, कळवतो,” तो म्हणाला. “नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.” आणि त्याने हात पुढे केला. तोच, चेंडू टाकायचा उजवा हात. मी तो हातात घेतला, थोडा जास्तच वेळ.

मग त्याने खांद्यावरचं प्लास्टिक सोडलं आणि पिशवीतला बर्फ डांबरावर ओतून टाकला. बर्फ अजून बराच वेळ लावून ठेवायचा असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.